रस्ता चढला, पाईप तिथंच राहिला: एका पावसाळी गटाराच्या मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या शहरातला हा बाजारपेठेचा रस्ता. लांबी साधारण १.४ किलोमीटर. रुंदी कागदावर बारा मीटर, प्रत्यक्षात दुकानांच्या पायऱ्या आणि ओटे वजा केले की कुठे कुठे नऊच. नगरपालिकेनं हा रस्ता काँक्रीटचा करायचं ठरवलं. एकदा काँक्रीट पडलं की पुन्हा खोदता येणार नाही, म्हणून पावसाळी पाण्याची लाइनही त्याच कामात घातली. शहर, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत. पातळ्या आणि मापं मात्र प्रकरणातलीच आहेत, कारण सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

रस्त्याखाली आधीच बरीच गर्दी होती. ३०० मिलिमीटरची बिडाची मुख्य जलवाहिनी, तिला समांतर वाटपाच्या बारीक लाइनी, चिनीमातीच्या पाईपांची जुनी मलवाहिनी, विजेच्या उच्चदाब केबल आणि दूरसंचार कंपन्यांच्या ऑप्टिकल फायबरचे डक्ट. नवी पावसाळी लाइन ९०० मिलिमीटर व्यासाच्या एनपी-३ दर्जाच्या आरसीसी पाईपांची, उतार ५०० ला १. ती रस्त्याच्या डाव्या बाजूनं येते, चेनेज ०+६४० ला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ६४० मीटरवर, रस्ता आडवा ओलांडते आणि तिथून ३२० मीटर पुढे नाल्यात सुटते. ओलांडताना ती मुख्य जलवाहिनीखालून जाते. प्रकरण घडलं ते याच जागी.

रस्त्याच्या पातळीवरही एक अट होती. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेल्यामुळे काही दुकानांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले होते आणि पावसाळ्यात पाणी आत शिरत होतं. त्यामुळे नवा रस्ता आजच्या पातळीपेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली ठेवायचा, असं लोकांना आधीच कबूल झालं होतं. चढत गेलेल्या थरांची ही गोष्ट बैठकीत सगळ्यांच्या तोंडी होती. जमिनीखालच्या पाईपांशी तिचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिलं मॉडेल कसं उभं राहिलं

काम ऑटोडेस्क सिव्हिल थ्रीडीमध्ये होतं, म्हणजे रस्ते आणि पाईपलाइनींचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. टोटल स्टेशनच्या (अंतरं आणि पातळ्या मोजणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हेवरून आजच्या रस्त्याचा सरफेस, म्हणजे पृष्ठभागाचं मॉडेल, तयार झाला. नव्या पावसाळी लाइनीचं पाईप नेटवर्क रीतसर बसवलं: पार्ट्स लिस्ट (वापरायच्या पाईप-चेंबरांची यादी), चेंबर, कमीत कमी कव्हर (रस्त्यापासून पाईपच्या माथ्यापर्यंतची खोली) आणि उताराचे नियम. सॉफ्टवेअरच्या तयार कॅटलॉगमधल्या काँक्रीट पाईपची भिंत आपल्याकडच्या पाईपशी जुळत नाही. म्हणून ९०० साठी १०० मिलिमीटर जाडीचा वेगळा पार्ट केला. हे काम चोख झालं. पुष्कळ ठिकाणी आतला व्यास तेवढा बरोबर धरतात आणि बाहेरचा माथा दहा सेंटिमीटर वर आहे हे विसरतात.

जुन्या मलवाहिनीची माहिती बऱ्यापैकी हाती आली. मॅनहोलची झाकणं उघडून, वरूनच स्टाफ (मापाच्या खुणांची पट्टी) सोडून इन्व्हर्ट, म्हणजे पाईपच्या आतल्या तळाच्या पातळ्या, मोजले. आत माणूस उतरवायचा नाही, हे हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानंतर सांगावं लागू नये, तरी सर्व्हेच्या चमूला ते लेखी दिलं होतं. पालिकेकडच्या जुन्या नकाशातल्या पातळ्या १००.०० या मानलेल्या टीबीएमवरून (पातळ्या मोजायच्या तात्पुरत्या संदर्भखुणेवरून) होत्या. तो टीबीएम एका शाळेच्या पायरीवर होता आणि ती पायरी कधीच पाडली गेली होती. तेव्हा मोजलेले इन्व्हर्ट आणि नकाशातले इन्व्हर्ट शेजारी शेजारी लिहून फरक काढला. दोन मॅनहोल सोडली तर फरक सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सारखाच निघाला. ती दोन मॅनहोल मधल्या काळात नव्यानं बांधली होती, हे नंतर कळलं. म्हणजे मलवाहिनीपुरता जुना नकाशा विश्वासाचा ठरला. पण या यशामुळे पालिकेच्या सगळ्याच जुन्या नकाशांवर जरा जास्त भरवसा बसला, असं मागे वळून पाहताना वाटतं.

जलवाहिनीचा नकाशा वेगळ्या जातीचा होता. नव्वदच्या दशकातली निळसर अमोनिया प्रिंट, आणि पातळ्या कुठेच नाहीत. कोपऱ्यात एक नमुना छेद होता. त्यात पाईपच्या माथ्यावर ‘१.०० मी. कव्हर’ लिहिलेलं. चमूतल्या तरुण अभियंत्यानं हा आकडा घेतला, लाइनीची आखणी व्हॉल्व्हच्या चेंबरांवरून जुळवली आणि जुन्या जलवाहिनीचंही पाईप नेटवर्क केलं. पाईप किती खोल ते कव्हरच्या नियमानं ठरवलं: आजच्या सरफेसपासून एक मीटर. जोडणीच्या जागी नल स्ट्रक्चर ठेवलं, म्हणजे नसलेली चेंबरं दिसायला नकोत. बाहेरचा व्यास ३२६ मिलिमीटर धरला, तोही बरोबर होता.

चेनेज ०+६४० ला मॉडेलमधल्या पातळ्या (मीटरमध्ये) अशा आल्या:

आजचा रस्ता: ५५२.४०
जलवाहिनीचा माथा: ५५१.४०
जलवाहिनीचं बूड: ५५१.०७
पावसाळी पाईपचा बाहेरचा माथा: ५५०.५५
पावसाळी पाईपचा इन्व्हर्ट: ५४९.५५

दोन्हींमध्ये अंतर ५२ सेंटिमीटर. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेप्रमाणे जलवाहिनी गटार ओलांडते तिथे तिचं बूड गटाराच्या माथ्यापासून किमान अर्धा मीटर वर हवं. अट पाळली गेली होती, तीही जेमतेम, म्हणजे दिसायला अगदी खरी. इंटरफिअरन्स चेक, म्हणजे पाईप एकमेकांना धडकतात का याची तपासणी, चालवला. सगळ्या रस्त्यावर मिळून तेवीस क्रॉसिंग होती. क्लॅश शून्य.

शंका कुठून आली

तपासणीला बसलेल्या वरिष्ठ अभियंत्यांना हे शून्यच पटलं नाही. चाळीस-पन्नास वर्षं जो तो खोदत आलेल्या बाजारपेठेत नवी ९०० ची लाइन कशालाही न घासता जाते, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तेवीस क्रॉसिंगच्या यादीत एक कोरा रकाना वाढवला आणि त्यावर लिहिलं: ‘पातळी कुणी मोजली?’

रकाना भरताना चित्र उघडं पडलं. मलवाहिनीच्या क्रॉसिंगपुढे ‘स्टाफनं मोजली’ लिहिता आलं. केबलपुढे ‘लोकेटर, खोली अंदाजे’ (लोकेटर म्हणजे जमिनीवरूनच केबल शोधणारं यंत्र). जलवाहिनीच्या प्रत्येक ओळीत मात्र ‘नमुना छेद’. म्हणजे मोजली कुणीच नव्हती. कधीकाळी टाकायच्या ठरलेल्या खोलीचं ते चित्र होतं. ती लाइन खरंच त्या खोलीवर टाकली गेली का, याचा कागद नव्हताच.

थ्रीडी मॉडेलची खोड इथे दिसते. मोजलेला पाईप आणि अंदाजानं ठेवलेला पाईप पडद्यावर सारखेच भरीव, सारखेच गोल दिसतात. टू-डी नकाशात जुनी लाइन तुटक रेषेनं काढायची रीत होती आणि ती रेष पाहताच साइटवरचा माणूस सावध व्हायचा. मॉडेलमध्ये ती सावधगिरी कुणी मुद्दाम घातली नाही तर राहत नाही.

ती तरुण अभियंता मग साइटवर गेली आणि पाणीपुरवठा विभागाच्या व्हॉल्वमनना भेटली. सव्वीस वर्षं हेच व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. चेनेज ०+६१० जवळचं चेंबर त्यांनी उघडून दाखवलं. खाली बसून आत टॉर्च मारली तर भिंतीचे तीन पट्टे स्पष्ट दिसत होते: तळाशी जुनी वीट आणि चुन्याचा गिलावा, त्यावर सिमेंटमधल्या विटांचे दोन थर, त्यावर काँक्रीटचा पट्टा आणि मग झाकणाची चौकट. व्हॉल्व्हच्या दांड्याला वरून एक जोडदांडा वेल्ड केलेला.

“मॅडम, हे चेंबर दोनदा उचललंय,” ते म्हणाले. “पहिल्यांदा डांबर झालं तेव्हा, आणि पुन्हा निवडणुकीच्या आधीच्या वर्षी. आधी चावी बसून फिरवायचो, हात पुरायचा. आता हा दांडा लावल्याशिवाय पोचतच नाही.”

“मग काका, जुना रस्ता कुठपर्यंत होता?”

त्यांनी चुन्याच्या गिलाव्याची वरची कड बोटानं दाखवली. तिनं टेप लावला. झाकणापासून चाळीस सेंटिमीटर खाली.

नमुना छेदातलं एक मीटर कव्हर हे त्या जुन्या रस्त्यापासूनचं होतं. मॉडेलनं ते आजच्या रस्त्यापासून मोजलं. रस्ता चढला होता, पाईप तिथंच होता, आणि मॉडेलनं पाईपलाही रस्त्याबरोबर वर उचललं होतं. चूक कुठल्या दिशेनं पडते तेही पाहायला हवं. पाईप मॉडेलपेक्षा खाली, म्हणजे नव्या गटाराच्या बाजूला सरकलेला. ५२ सेंटिमीटरमधून चाळीस गेले तर उरतं काय?

पहिला निर्णय: किती खड्डे, आणि कुठे

निविदा काढायची घाई होती. तीन वाटा समोर आल्या.

पहिली, सगळ्या जुन्या जलवाहिन्या सरसकट चाळीस सेंटिमीटर खाली ढकलायच्या आणि पुढे जायचं. ही वाट सोपी होती आणि सगळ्यात धोक्याची. एका चेंबरवर मिळालेला आकडा १.४ किलोमीटरला लावला की एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज येतो, आणि तो ‘साइटवर पाहिलेला’ म्हणून जास्त ठाम वाटतो.

दुसरी, संपूर्ण रस्त्याचं जीपीआर (जमिनीत रडारची लहर सोडून पाईप शोधायचं) सर्वेक्षण. वरिष्ठांनी ते नाकारलं आणि मला ते पटतं. खाली काळी चिकणमाती, त्यात ओल. अशा मातीत रडारची लहर लवकर विरते आणि दीड-दोन मीटरवरच्या पाईपबद्दल खात्रीचं काही मिळत नाही. अमेरिकेतल्या सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेचं एएससीई ३८ हे मानक जमिनीखालच्या माहितीचे ड, क, ब, अ असे चार दर्जे लावतं. ड म्हणजे नुसते कागद. क म्हणजे वर दिसणारी झाकणं-चेंबरं मोजून कागदांशी जुळवणी. ब म्हणजे उपकरणानं माग काढलेली जागा. अ म्हणजे उघडा करून मोजलेला पाईप. खोलीची खात्री देणारा दर्जा त्यात ‘अ’ एवढाच आहे. आणि इथे प्रश्न खोलीचाच होता.

तिसरी वाट, खड्डे खणायची. पण बाजारपेठेत तेवीस खड्डे कोण खणू देणार? म्हणून खड्ड्यांच्या जागा मॉडेललाच विचारायच्या ठरल्या, आणि हा भाग या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वाटतो.

जुन्या प्रत्येक पाईपला प्रॉपर्टी सेट जोडला. त्यात पातळीचा स्रोत, मोजल्याची तारीख, दर्जा आणि ‘पातळी किती हलू शकते’ याचा आकडा. हे आकडे चमूनं आपल्या अनुभवावर ठरवले, कुठल्या मानकात ते मिळत नाहीत: नुसत्या कागदावरच्या पाईपला वर-खाली साठ सेंटिमीटर, लोकेटरनं शोधलेल्याला पंचवीस, स्टाफनं मोजलेल्या मॅनहोलांमधल्या मलवाहिनीला दहा, उघड्या पाईपला तीन. दर्जाप्रमाणे रंग आणि रेषेची शैली बदलली. ‘ड’ दर्जाचे पाईप फिके आणि तुटक. प्रोफाइल व्ह्यूमध्येही (लांबीच्या छेदातही) तसेच.

मग जुन्या नेटवर्कची एक प्रत काढून तिच्यात फुगवलेले पाईप बसवले. ३२६ मिलिमीटरच्या बिडाच्या पाईपला चहूबाजूंनी साठ सेंटिमीटर वाढवलं की दीड मीटरचा लठ्ठ पाईप होतो. पार्ट्स लिस्टमध्ये असे खोटे पार्ट वेगळ्या नावानं ठेवले, म्हणजे ते चुकून परिमाणाच्या तक्त्यात जाऊ नयेत. नवी पावसाळी लाइन या फुगवलेल्या नेटवर्कशी तपासली आणि इंटरफिअरन्स चेकच्या निकषांत थ्रीडी प्रॉक्सिमिटी, म्हणजे दोन पाईपांमधलं किमान अंतर, अर्धा मीटर दिली. पहिल्या तपासणीत ही प्रॉक्सिमिटी बंदच होती, नुसती प्रत्यक्ष धडक तेवढी पाहिली होती. ती चालू असती तरी ५२ सेंटिमीटर सुटलेच असते.

शून्याचे चौदा झाले. त्यातली काही क्रॉसिंग जवळजवळची होती. सहा खड्ड्यांत चौदाही उरकणार होती. बाकीच्या नऊ ठिकाणी पातळी कितीही हलली तरी धक्का लागत नव्हता, म्हणून ती सोडून दिली. पाणीपुरवठा विभागाशी बोलताना या यादीचा फायदा झाला. ‘खड्डे खणू द्या’ म्हणण्यापेक्षा ‘हे सहा, आणि हेच का’ हे दाखवणं सोपं गेलं. खोदाईची आगाऊ सूचना केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅपवरून गेली. २०२३ पासून ती सोय आहे. त्यावरून दूरसंचारवाल्यांचा माणूस आला आणि एक डक्ट दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूला हलवल्याचं त्यानं तिथेच सांगितलं.

खड्ड्यात काय दिसलं

चेनेज ०+६४० च्या खड्ड्यात बिडाचा पाईप सापडला. माथा ५५०.९८, बूड ५५०.६५. आजच्या रस्त्यापासून कव्हर १.४२ मीटर. पावसाळी पाईपचा बाहेरचा माथा ५५०.५५, म्हणजे मधलं अंतर दहा सेंटिमीटर. ९०० चे जडशीळ पाईप क्रेननं उतरवताना दहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

आणखी एक गोष्ट मिळाली जी कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हती. खड्ड्याच्या कडेला जुना सांधा होता, शिसं ओतून बंद केलेला. नव्या लाइनीच्या मध्यापासून फक्त साठ सेंटिमीटरवर. खालची माती काढली की असा सांधा थोडा खचतो आणि गळायला लागतो. तेही दुर्दैवानं अगदी गटाराच्या वर. खड्डा लांबवून पुढचा सांधा शोधला, तो साडेपाच मीटरवर निघाला.

बाकीच्या पाच खड्ड्यांपैकी एकात १५० ची वाटपाची लाइन ठरलेल्या वाटेत आली. एकात कुणालाच माहीत नसलेला एक बंद बिडाचा पाईप निघाला. उरलेल्या तिघांत फरक होता, पण अडचण नव्हती.

दुसरा निर्णय: कोण हलणार

पावसाळी लाइन जलवाहिनीच्या वरून नेणं शक्य नव्हतं. अकराशे मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाईप अर्धा मीटर सोडून वर बसवला तर त्याचा माथा रस्त्याच्याही वर येतो. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

लाइन खाली न्यायची तर नाल्याचा प्रश्न येतो. क्रॉसिंगचा इन्व्हर्ट चाळीस सेंटिमीटर उतरवून ५४९.१५ केला आणि नाल्याकडचा इन्व्हर्ट ५४८.९१ वर तसाच ठेवला, तर ३२० मीटरमध्ये उतार १३३० ला १ इतका सपाट होतो. पूर्ण भरलेल्या पाईपची क्षमता सेकंदाला ०.८१ घनमीटरवरून ०.५० वर येते. गरज ०.७२ ची. नाल्याकडचं तोंडही खाली घेतलं, तळापासून फक्त दहा सेंटिमीटर वर, म्हणजे ५४८.७० ला, तर क्षमता ०.६८ होते. अगदी थोडक्यात हुकलं. ‘पाच-सहा टक्के तर कमी आहे’ असा आग्रह बैठकीत झालाही. पण तळाला टेकलेलं तोंड पहिल्याच पावसात गाळानं भरणार आणि मग ते पाच-सहा टक्के कुणी मोजायला जाणार नाही. नाकारलं, ते योग्यच झालं.

मुख्य जलवाहिनी उचलायची? कव्हर भरपूर असल्यानं जागा होती. त्यासाठी चार बेंड, थ्रस्ट ब्लॉक (वळणावरचा पाण्याचा जोर पेलणारे काँक्रीटचे ठोकळे), उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह. पण शहराला एक दिवसाआड पाणी, उन्हाळा तोंडावर, आणि शिशाच्या सांध्यांची लाइन एकदा हलवली की मागे-पुढे आणखी किती सांधे सुटतील याचा नेम नाही. पाणीपुरवठा विभागानं मुख्य लाइन बंद ठेवायला साफ नकार दिला.

राहिला आकार बदलायचा पर्याय. एका ९०० ऐवजी क्रॉसिंगपुरते दोन ६०० चे पाईप टाकले तर दोघांची मिळून क्षमता ०.५५, म्हणजे अपुरी. मग आरसीसी बॉक्स. दोन मापांवर वाद झाला. १.८ मीटर रुंद आणि ०.४५ उंच बॉक्स घेतला तर जलवाहिनीपासून बरोबर अर्धा मीटर मिळत होता, क्षमताही भरपूर. पण पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा रुंद बॉक्स म्हणजे गाळाचं घर, आणि त्यात जेटिंगचं (जोराच्या पाण्यानं गाळ काढायचं) नोझल नीट फिरत नाही. दुसरा, १.२ रुंद आणि ०.६ उंच. त्याची क्षमता ०.८५, वरच्या स्लॅबसह माथा ५५०.३०, अंतर ३५ सेंटिमीटर. अर्ध्या मीटरची अट इथे मोडते.

निवडला दुसरा. कारण त्या अटीच्या मुळाशी सांध्यातून होणारी गळती आणि दूषित पाण्याचा शिरकाव आहे. नियमपुस्तिकाही त्याच वाक्यात सांधे गटारापासून शक्य तितके लांब ठेवायला सांगते. म्हणून संपूर्ण क्रॉसिंग रस्त्याच्या दिशेनं दोन मीटर सरकवलं. आता बॉक्सच्या मध्यापासून एका बाजूचा सांधा २.६ मीटरवर आणि दुसऱ्या बाजूचा २.९ वर. अखंड पाईपचा मधला भाग बॉक्सच्या डोक्यावर आला. सवलत का घेतली, हे पातळ्यांसह लेखी नोंदवून पाणीपुरवठा विभागाची सही घेतली. कुणी ३५ सेंटिमीटरला हरकत घेतली तर तिला आधार आहे, हे मी मान्य करीन. पण साठ सेंटिमीटरवर सांधा ठेवून अर्धा मीटर पाळण्यापेक्षा हे बरं.

पाण्याची पातळीही तपासली. ०.७२ च्या प्रवाहाला ९०० च्या पाईपात खोली साधारण ०.६६ मीटर राहते. बॉक्सच्या तोंडाशी पाणी अडून वरच्या चेंबरात ते ०.७५ पर्यंत चढतं. पाईपच्या माथ्याखालीच, म्हणजे चालण्यासारखं. १५० ची वाटपाची लाइन मात्र उचलली. ती एका दुपारी बंद ठेवणं कुणाला जड नव्हतं.

मॉडेलमध्ये काय बदललं

जुन्या नेटवर्कांसाठी वेगळा रूल सेट केला, आतून पूर्ण रिकामा. कारण नव्या लाइनीचे उतार दुरुस्त करताना कुणी ‘नियम लावा’ म्हटलं आणि निवडीत जुनी मलवाहिनीही आली, तर स्टाफनं मोजलेले इन्व्हर्ट निमूटपणे सरकतात. एकदा ते झालंही होतं. एका मॅनहोलचा इन्व्हर्ट सात सेंटिमीटर हलला होता आणि ते केवळ सर्व्हेच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यामुळे लक्षात आलं.

जुन्या मॅनहोलांचं आपोआप सरफेसशी जुळणं बंद केलं. नाहीतर संदर्भ म्हणून नव्या रस्त्याचा सरफेस निवडला की जुनी झाकणंही पंधरा सेंटिमीटर खाली बसतात. आणि मॅनहोलचा तळ झाकणापासूनच्या खोलीनं ठरवलेला असेल तर तोही त्यांच्याबरोबर उतरतो. म्हणून तळ थेट पातळीनं ठरवला. जुन्या जलवाहिनीची पातळी खड्ड्यांतल्या मोजमापावरून दिली. दोन खड्ड्यांच्या मधला भाग मात्र ‘ड’ वरून ‘क’ वर गेला नाही, फिकाच राहिला. हा हट्ट वरिष्ठांचा. मधल्या भागाला दोन्ही टोकांची खात्री उसनी देऊ नका, असं त्यांचं म्हणणं.

काय झालं

०+६४० चं क्रॉसिंग पावसाळ्याआधी पूर्ण झालं. जलवाहिनीला खोदाईत आधार देऊन बॉक्स ओतला, सांधे कोरडे राहिले. वाटपाच्या लाइनीचं कामही ठरल्याप्रमाणे झालं. ज्या नऊ क्रॉसिंगवर खड्डे खणले नव्हते, तिथे मुख्य वाहिन्यांपैकी एकीलाही धक्का लागला नाही.

त्रास झाला तो भलतीकडून. घरोघरच्या नळजोडण्या. अर्धा-पाऊण इंचाचे जीआय पाईप, रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चाळीस ते साठ सेंटिमीटर खोलीवर वाटेल तसे गेलेले. त्या मॉडेलमध्ये नव्हत्याच. तेवीस क्रॉसिंगच्या यादीतही नव्हत्या. जेसीबीनं त्या रोज तोडल्या. प्लंबर दिवसभर साइटवर बसवून ठेवावा लागला. दुकानदारांचा सगळा राग याच पाण्यावरून, आणि तो रास्त होता. ठेकेदारानं दुरुस्तीचं वेगळं बिल मागितलं. त्यावर पत्रापत्री बराच काळ चालली.

काय वेगळं करता आलं असतं

खड्डे आराखड्याच्या शेवटी खणले गेले, तेही एका शंकेमुळे. ते सुरुवातीलाच, आखणी ठरण्याआधी खणले असते तर बॉक्सची वेळ कदाचित आलीच नसती. क्रॉसिंग तीस-चाळीस मीटर वर, जलवाहिनी तुलनेनं उथळ आहे तिथे घेता आलं असतं. तसा खड्डा यादीत होता, आणि तिथे अंतर पंचेचाळीस सेंटिमीटरच्या वर मिळत होतं. पण तोवर चेंबरांच्या जागा आणि दुकानांसमोरच्या जाळ्या ठरून गेल्या होत्या. सल्लागाराच्या करारात चाचणी खड्ड्यांची बाबच नव्हती, हे त्यामागचं साधं कारण. खर्च कुणाचा यावर पंधरवडा गेला आणि शेवटी तो रस्त्याच्या अंदाजपत्रकातल्या किरकोळ खर्चातून भागवला.

नळजोडण्या एकेक करून मॉडेल करणं मूर्खपणाचं होईल. पण दोन्ही बाजूंच्या दुकानांसमोर, रस्त्याखाली ०.३ ते ०.७ मीटरचा एक सलग थर थ्रीडी सॉलिड म्हणून ठेवता आला असता, ‘इथे हातानं खोदाई’ असं नाव देऊन. तेवढ्यानं निविदेत हातखोदाईचं प्रमाण आणि जोडण्या दुरुस्तीचा दर आला असता.

आणखी एक बाब अर्धवट राहिली. भरणी घालण्याआधी नव्या लाइनीचे आणि उघड्या पडलेल्या जुन्या पाईपांचे मापन ठेकेदारानं करायचं होतं. नवी लाइन नीट मोजली गेली. जुने पाईप निम्म्याहून कमी ठिकाणी. खोदाई उघडी असताना ते फुकट मिळत होते, तरी निविदेत ‘नवीन कामाचे मापन’ एवढंच लिहिल्यामुळे कुणी थांबलं नाही. पुढच्या टप्प्याच्या निविदेत आता दोन ओळी वाढवल्या आहेत: उघड्या पडणाऱ्या प्रत्येक जुन्या वाहिनीचा माथा, व्यास आणि जवळचा सांधा मोजणे, दर प्रति नोंद, आणि आराखड्याआधीचे चाचणी खड्डे, दर प्रति खड्डा, रस्ता पूर्ववत करण्यासह. पहिल्या ओळीवर लेखा विभागानं ‘नोंद म्हणजे काय, ते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली आहे. उत्तरासोबत ०+६४० च्या खड्ड्याचा तक्ता जोडला आहे.